मशीन आणि मिसळणाचा डबा

या महिन्यातली पत्रं वाचायला बसले आणि लक्षात आलं, की निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत. घरून शिवणारी, रंगवणारी, विणणारी, दागिने ओवणारी बाई आणि तिच्या घरचं दोन वेळचं जेवण. मी स्वतः परळला राहते, कुंच्या आणि बाळंतविडे शिवते, आणि आमच्याकडे जेवण घरीच होतं. हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे, म्हणून या अंकातली सगळी जागा याच पत्रांना देते.

ताई, मी मुलुंडला राहते. मुलं झाल्यावर नोकरी सोडली आणि खणाची तोरणं करायला लागले. एक तोरण ५५० रुपयांना देते. सामानाला ३४० लागतात, आणि एकाला पाच तास तरी जातात. ऑर्डरी भरपूर आहेत, लोक नावाजतात. पण स्वयंपाक, मुलांचे डबे, अभ्यास हे सगळं आटपून मशीनवर बसते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. यजमान म्हणतात, "तू तर दिवसभर घरीच असतेस." मला एक चांगलं वेळापत्रक सांगाल का?

वेळापत्रक सांगते, पण त्याआधी तुमचे आकडे बघू. तुमची वेळ तिथेच अडकली आहे.

५५० मधून सामानाचे ३४० गेले, उरले २१०. पाच तासांचे २१०, म्हणजे तासाला ४२ रुपये. त्यात मशीनचं ऑइल-सर्व्हिसिंग, वीज, बाजारात जाण्यायेण्याचं भाडं धरलेलंच नाही. या ४२ रुपयांसाठी तुम्ही बारा वाजेपर्यंत डोळे फोडताय. तासाचा भाव ठरलेला नसला, की तो तास फुकटचा आहे असं आधी गिऱ्हाइकाला वाटतं, मग घरच्यांना आणि शेवटी आपल्यालाही. "घरीच असतेस" हे वाक्य तिथून येतं.

तासाला १०० रुपये धरा. मुंबईत हा काही मोठा भाव नाही. ३४० आणि ५०० मिळून ८४०, वर मशीन, वीज, भाडं यांचे ६० धरा, झाले ९००. हा तुमचा घरून थेट विकण्याचा भाव. एखादं दुकान ३० टक्के कमिशनवर ठेवत असेल तर तिथे १,३०० लावा. ३० टक्के गेल्यावर तुमच्या हातात ९१० येतात. दुकानातली किंमत ९०० ठेवलीत तर २७० दुकानाचे जातील, आणि ते तुमच्या मजुरीतून जातील. काही गिऱ्हाइकं गळतील, गळू द्या. निम्मी तोरणं करूनही महिन्याला आजच्यापेक्षा जास्त पैसे हातात राहतील आणि रात्र मोकळी होईल.

घरी बसून केलेल्या कामाला भाव असतो, हे मुंबईतल्या बायकांनी कधीच दाखवून दिलंय. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. त्यांची पद्धत बघा. सकाळी मळलेलं पीठ घेऊन जायचं, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, आणि मजुरी किलोवर. लाटणारी बाई मधेच उठून वरणाला फोडणी देऊन आली, म्हणून तिची मजुरी कोणी कापत नाही.

आता वेळापत्रक. कामाचे दोन ढीग करा. कटिंग, खणाचे काठ जुळवणं, मशीनची मोठी टीप ही एकटाकी लक्ष मागणारी कामं. ती मुलं शाळेत असतात तेव्हा. दहा ते एक असं धरलंत तर त्या तीन तासांत तुम्ही घरी नाही. दाराची बेल, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, माहेरचा फोन, सगळं एकनंतर. यजमानांनाही स्पष्ट सांगा, "या वेळात मी कामावर असते." दुसरा ढीग हातातला. हेमिंग, गोंडे बांधणं, मणी ओवणं, दोरे कापणं. हे मुलांच्या अभ्यासाशेजारी बसून होतं, कुकरची शिट्टी ऐकत होतं. संध्याकाळच्या वेळात कटिंग काढू नका. आमटी उतू जाते आणि खण वाकडा कापला जातो. खणाचा तुकडा वाया गेला की नफा तिथेच संपला.

स्वयंपाकाचेही असेच दोन ढीग होतात. सुट्टीच्या दिवशी वाटण करून ठेवलं की आठवडाभर रोजचा अर्धा-पाऊण तास वाचतो. माझी पद्धत सांगते. चार मोठे कांदे उभे चिरून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात अगदी तपकिरी होईपर्यंत परतायचे, घाई करायची नाही. सुकं खोबरं किसून वेगळं भाजायचं, ते पटकन करपतं. धणे, मिरी, लवंग, आलं, लसूण. सगळं गार झाल्यावर अगदी कमी पाण्यात वाटायचं. मग पिशवीत भरून पोळीसारखं सपाट थापायचं आणि फ्रीझरमध्ये आडवं ठेवायचं. गोळा करून ठेवलं तर सगळं वितळवावं लागतं, सपाट असलं की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. काळ्या वाटाण्याची उसळ, अंड्याचा रस्सा, भरली वांगी, सगळ्याला हेच चालतं. ओल्या नारळाचं वाटण मात्र ताजंच करा किंवा दोन दिवसांत संपवा.

बाजार महिन्यातून एकदा. मुलुंडहून मशीद बंदरला उतरलात की अब्दुल रहमान स्ट्रीटला पॅकिंगचं सामान, पुढे मंगलदास मार्केटला अस्तर, तिथून भुलेश्वरला लेस आणि गोंडे असं ओळीने होतं. वहीत प्रत्येक खणाचा तुकडा पिनेने लावून न्या. रंग डोक्यात ठेवून गेलात तर लेस हमखास बदलायला परत जावं लागतं, आणि त्या फेरीत एक अख्खा दिवस जातो.

नमस्कार. माझं वय ६८. आम्ही दहिसरला राहतो. सून साड्यांवर हाताने रंगकाम करते, फार सुंदर करते. पूर्वी नोकरीला जायची तेव्हा पोळी-भाजी करून निघायची. आता घरी असते, पण सकाळ-संध्याकाळचं सगळं माझ्यावर आलंय. तिच्या ब्रशला हात लागेल म्हणून मी तिच्या खोलीतही जात नाही. माझे गुडघे दुखतात. बोलले तर सासू आड आली असं होईल. मी जुन्या वळणाची आहे का?

काकू, तुम्ही जुन्या वळणाच्या मुळीच नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. घरच्या व्यवसायांबद्दल एवढं लिहिलं-बोललं जातं, पण त्या व्यवसायामागे स्वयंपाकघरात उभी असलेली दुसरी बाई कोणाच्या हिशेबात नसते. ती कधी सासू असते, कधी आई, कधी मोठी जाऊ.

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. कोकणातून, देशावरून एकटे आलेले गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे. पाळ्या तीन, त्याप्रमाणे जेवणाच्या पंगती आणि डबे. भाकऱ्या थापायला आजी बसायची. आईच्या वहीत वाण्याची उधारी, कोळसा, तांदूळ, आणि त्याखाली आजीचे पैसे अशी वेगळी ओळ असायची. घरातलीच बाई म्हणून आईने ती ओळ कधी सोडली नाही. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका खूप होत्या, आणि बऱ्याच जणी वाण्याच्या नाहीतर सावकाराच्या कर्जात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि त्यातून या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. चूल हा धंदा आहे आणि ती चालवणारी बाई कर्ज फेडू शकते, हे बँकेला मान्य करावं लागलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, तरी आईने जेवायला येणाऱ्याला परत पाठवलं नाही. त्या दिवसांतही आजीची ओळ वहीत होती. पैसे नसले तर बाकी म्हणून लिहिलेली, पण होती.

तुमच्या सुनेच्या साडीच्या किमतीत रंग, साडी, फ्रेम, तिचे तास हे सगळं असेल. तुमचे तास त्यात नाहीत. ती वाईट आहे म्हणून नाही, कोणी कधी मोजलेच नाहीत म्हणून. तुम्हीच मोजा. एका आठवड्याचं कागदावर लिहा. किती वाजता ओट्याशी उभ्या राहिलात, किती वाजता बसलात. मग मुलगा आणि सून दोघांनाही एकत्र बसवा. एकट्या सुनेशी बोलू नका. स्वयंपाक सुनेने टाकला म्हणून सासूवर आला, अशीच ही गोष्ट सांगितली जाते, आणि त्यात मुलगा कुठेच नसतो. जेवायला तर तोही बसतो.

त्यांच्यापुढे तीन गोष्टी ठेवा. पोळ्यांना बाई लावायची आणि तिचा पगार सुनेच्या व्यवसायाच्या खर्चात लिहायचा, जसा रंगांचा लिहितात तसा. रात्रीचं जेवण मुलाकडे. आणि आठवड्यातून एक दिवस तुमचा पूर्ण मोकळा. त्या दिवशी देवळात जा, बहिणीकडे जा, नाहीतर पाय वर करून पडून राहा. घरात असलात तरी ओट्याकडे बघायचं नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. "तुमच्या हातच्या आमटीची चव कोणाला येत नाही" असं म्हणून तुम्हाला परत ओट्याशी उभं केलं जाईल. कौतुक घ्या, पण स्टुलावर बसून घ्या. आमटी कशी करायची ते सांगा आणि पळी मुलाच्या हातात द्या. तीही तुमच्याच हातची आमटी.

मी बोरिवलीचा. बायको क्रोशाची कामं करते, प्रदर्शनांत स्टॉल लावते. मला मदत करायची आहे, पण मी स्वयंपाकघरात गेलो की पसारा होतो म्हणून ती मला बाहेर काढते. काय करू?

दादा, "मदत" हा शब्द सोडा आणि दोन वार घ्या. मंगळवार-शुक्रवारचं रात्रीचं जेवण तुमचं, म्हणजे भाजी आणण्यापासून ओटा पुसून, उरलेलं छोट्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवेपर्यंत. हिंग कुठे आहे हे तिला विचारायचं नाही, डबे उघडून शोधायचं. तिनेही त्या वेळात स्वयंपाकघरात यायचं नाही, आणि पसारा झाला तर तो तुम्ही आवरायचा.

सुरुवात पिठल्याने करा, मग मुगाच्या डाळीची खिचडी, मग कुकरला वरण-भात आणि एक परतलेली भाजी. मासे खात असाल तर ते साफ करून हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवायला शिका, निम्मं काम तिथेच संपतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत सुका जवळा भाजून, कांद्यावर परतून भाकरीबरोबर वाढा. वीस मिनिटांत होतो. आणि कडवे वाल आणा. रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून डाळिंब्या सोलायच्या. हे सोलणं वेळखाऊ, म्हणून घाईच्या घरांतून वालाचं बिरडं नाहीसं होत चाललंय. मुलांना घेऊन टीव्हीसमोर बसा आणि परात मधे ठेवा. बायको शेजारी बसून क्रोशा करेल, तिला परातीला हात लावू देऊ नका.

ताई, मी २९ वर्षांची, चेंबूरला आईवडिलांकडे राहते. ऑफिस सांभाळून कापडी दागिने करते. आता नोकरी सोडून हेच पूर्णवेळ करावं असं वाटतंय. आई म्हणते, लग्नानंतर संसार, स्वयंपाक आणि हे असं सगळं जमणार नाही, नोकरीच बरी. नोंदणी, जीएसटी यातलंही काही कळत नाही.

आधी कागद. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे. सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने होते आणि पूर्ण मोफत आहे. कोणी फी मागत असेल तर तो मधला माणूस आहे, सरकार नाही. वस्तूंची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच विकत असाल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवायला लागलात की नियम वेगळे होतात. हस्तकलेच्या काही वस्तूंना तिथेही सवलत आहे, पण तुमच्या दागिन्यांना ती लागू होते का हे सीएला विचारूनच पहिलं पार्सल पाठवा. मशीन किंवा सामानासाठी पैसे हवे असतील तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. आणि आजच एक वेगळं बँक खातं उघडा. गिऱ्हाइकाचे पैसे आणि पगार एकाच खात्यात येत असतील तर धंदा चाललाय की पगारातून पोसला जातोय, हे कधीच कळत नाही.

नोकरी लगेच सोडू नका. एक पूर्ण वर्ष दोन्ही करून बघा, कारण आपल्या कामाला ऋतू असतात. श्रावण ते गणपती पैसा येतो. मग पितृपक्षात लोक नवीन काही घेत नाहीत, तो पंधरवडा कोरडा जातो. नवरात्र-दिवाळी पुन्हा भर, मग लग्नसराई, संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू आणि बोरन्हाणं. त्यानंतर मुलांच्या परीक्षा आल्या की घराघरातली खरेदी मंदावते. फक्त दिवाळीचा महिना बघून राजीनामा दिला तर पुढच्या परीक्षांच्या दिवसांत धाबं दणाणतं. कोरड्या दिवसांचा खर्च आधीच्या विक्रीतून निघतोय असं वर्षभराच्या वहीत दिसलं, की खुशाल सोडा.

आता आईचा प्रश्न. नोकरी करणाऱ्या बाईलाही संध्याकाळी घरी येऊन कुकर लावावाच लागतो. पश्चिम रेल्वेच्या लेडीज स्पेशलमध्ये आणि कुठल्याही गाडीच्या बायकांच्या डब्यात मटार सोलत, मेथी निवडत घरी जाणाऱ्या बायका तुमच्या आईनेही पाहिल्या असतील. तेव्हा स्वयंपाकाचा प्रश्न नोकरीने सुटत नाही. तो कोणाबरोबर संसार करता त्यावर सुटतो. लग्न ठरवताना मुलाला तीन भाज्या येतात का, हे विचारा. पत्रिका बघतात तेवढ्या गंभीरपणे विचारा. आणि तुमच्या कामाला दिवसाचे किती तास लागतात, ते बैठकीतच सांगा. नंतर सांगितलं की ती सवलत मागितल्यासारखी होते.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो, दोन खोल्या. मी लहान बाळांचे कपडे शिवते. परवा एका गिऱ्हाइकाने दुपट्याला फोडणीचा वास येतो म्हणून परत केलं. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, टाचण्यांचीही भीती वाटते. जागा वाढवणं शक्य नाही.

हे माझ्याच कामाचं पत्र, म्हणून थोडं बारीक सांगते.

सुती कापड वास धरून ठेवतं, मलमलही. मासे तळले, मोहरी-हिंगाची फोडणी दिली, की तो वास उघड्या ठाणात शिरलाच. शिवलेला माल आणि कोरं कापड दोन्ही पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका. ट्रंकेत डांबरगोळी अजिबात नको, बाळाच्या कपड्यांना ती घातक आहे. सुकवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. शिवणाचा वेळ फोडणीच्या आधी घ्या. सकाळी चहा झाला की आधी मशीन, मग स्वयंपाक. उलटं करायची वेळ आली तर खिडकी उघडून अर्धा तास जाऊ द्या. पाठवण्याआधी प्रत्येक कपडा सौम्य साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून पाठवा. बाळाच्या अंगाला लागणारा कपडा धुतलेलाच जायला हवा.

टाचण्या मोठ्या रंगीत डोक्याच्या घ्या आणि मोजून काढा. काम संपलं की पुन्हा मोजायच्या, आणि जमिनीवरून चुंबक फिरवल्याशिवाय मुलीला खाली सोडायचं नाही. मी वीस काढते, वीसच डबीत परत जायला हव्यात, एक कमी भरली तर सतरंजी झटकून ती सापडेपर्यंत दुसरं काम नाही. कात्री खिळ्याला उंच टांगा. मशीन पायाचं असेल तर उठताना पट्टा काढून ठेवा, चिमुकली बोटं चाकात जातात.

कुंची शिवत असाल तर मोती आणि गोंडे फक्त पाठीच्या झालरीला लावा. समोर, हनुवटीजवळ बाळाच्या तोंडात जाईल असं काही नको, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. खण गडद रंगाचा असेल तर आधी मिठाच्या पाण्यात बुडवून रंग जातो का बघा, आणि आत पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावा. अंगाला खण टोचतो.

आणि त्या गिऱ्हाइकाला नवीन दुपटं पाठवा, धुतलेलं.

पार्ल्याहून लिहिते. मी गौरी-गणपतीच्या मखराची कापडी सजावट आणि गौरींच्या साड्या शिवून देते. नेमकं सणातच माझ्या घरचा सण राहतो. गेल्या वर्षी उकडीचे मोदक बाहेरून आणले, सगळे जेवले, पण मला रात्रभर चुटपुट लागली. यंदा काय करू?

ऑर्डरी कधी थांबवायच्या ते नारळी पौर्णिमेला ठरवा आणि तसं स्पष्ट लिहून टाका. चतुर्थीला आठ दिवस उरले की नवीन काम नाही, फक्त हातातलं पुरं करायचं. शेवटच्या आठवड्यात येणारी ऑर्डर ही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणी नाकारलेली असते. पुरेसा वेळ नसल्याने ती बिघडते, आणि नाव तुमचं जातं. जे अगदीच अडून बसतील त्यांना दीडपट भाव सांगा. तुमच्या सणाच्या दिवसाचा तो भाव आहे.

घरचं काय आपल्या हातचं हवं, ते तुम्ही एक निवडा. मला ऋषीपंचमीची भाजी स्वतः केल्याशिवाय चैन पडत नाही. अळू, भेंडी, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं आदल्या रात्री घरातले सगळे मिळून चिरतो. मोदक मी करत नाही. गौरीचं पुरण जाऊबाई करतात. असं वाटून घेतलं की सण कोणा एकीच्या अंगावर पडत नाही. तुमच्या घरी नैवेद्याचे पाच मोदक तुम्ही हाताने वळा, मुलीला, यजमानांना कळ्या पाडायला बसवा, आणि बाकीचे बाहेरून आणा.

बाहेरून म्हणजे कुठून, एवढं मात्र बघा. पार्ल्यात, गिरगावात, दादरला घरून मोदक करून देणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्याही घरी त्या दिवशी गणपती असतो, आणि त्या पहाटे तीनला उठून उकड काढतात. तुमच्या मखरासारखाच तो त्यांचा धंदा. त्यांनी सांगितलेला भाव द्या, शेकड्यावर कमी करा म्हणून घासाघीस करू नका. तांदळाची पिठी, नारळ, गूळ आणि पहाटेचे तास धरून त्यांनी तो काढलेला असतो. ऑर्डर पंधरा दिवस आधी द्या आणि निम्मे पैसे आगाऊ द्या, म्हणजे त्यांनाही नारळ भाव चढायच्या आत घेता येतील. हरतालिकेच्या संध्याकाळी फोन केलात तर त्या नाही म्हणतील, आणि त्यांनी तसं म्हणावं असंच मला वाटतं.